उदबत्ती संपेपर्यंत

रनमेनिकेला माती देऊन लोक आपापल्या घरी पांगले, आणि दुसऱ्याच दुपारी यसवती नेहमीसारखी मागच्या खोलीत ध्यानाला बसली. गावात बोलणं झालं, याला म्हणतात साधना. सख्खी थोरली बहीण गेली, तरी बाईचं आसन हललं नाही. कुंपणापलीकडून हे शब्द यसवतीच्या कानांवर आले. तिने मनात 'ऐकू येतंय, ऐकू येतंय' अशी नोंद घेतली. नोंद घेता घेता जो किंचित आनंद झाला, त्याची नोंद घ्यायची मात्र राहून गेली.

उदबत्ती पावभर जळाली असेल नसेल, तोच स्वयंपाकघरातून आवाज आला. माठातलं पाणी तळाला गेलं की दांड्याची करवंटी खापरावर जशी खरडते, तसा. खर्र. थोडं थांबून पुन्हा खर्र.

घरात दुसरं कोणी नव्हतं. आणि असतं तरी माठ असा खरवडून पाणी काढणारं त्या घरात एकच माणूस होतं. रनमेनिका अक्का माठ पुरता रिकामा होईपर्यंत भरायला जायची नाही. "तळातलं पाणी गार असतं," हे तिचं शास्त्र. मग करवंटी तोंडाला लावून ती गटागटा प्यायची, शेवटचा घोट ठेवायची आणि तो खिडकीतून मोगऱ्याच्या बुंध्याला फेकायची.

यसवती बसून राहिली. ऐकू येतंय, ऐकू येतंय. छाती धडधडत होती, तीही तिने टिपली. उदबत्तीची राख पडली तेव्हाच ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. सकाळी तिने स्वतःच्या हाताने काठोकाठ भरलेला माठ कोरडा पडला होता. करवंटी खिळ्याला होती तशी टांगलेली.

यसवती शाळेत शिवणकाम शिकवायची. निवृत्त झाल्यावर ती एका साधनाकेंद्रात जाऊन राहिली आणि आली ती निराळीच होऊन आली. तिथे शिकवलं होतं की जे जे होईल त्याला मनात नाव द्यायचं. खाज सुटली, 'खाज'. राग आला, 'राग'. पक्षी ओरडला, 'ऐकू येतंय'. त्याच्या मागे जायचं नाही, त्याला हाकलायचं नाही. आणि उदबत्ती लावून बसल्यावर ती संपेपर्यंत उठायचं नाही. तिथल्या गुरूंनी हा नियम नवख्यांना मुंगी चावली की उड्या मारू नयेत म्हणून घातला होता. यसवतीने तो पोस्टमनला लावला, फणस विकायला येणाऱ्या म्हातारीला लावला, सुटलेल्या कोंबड्यांना लावला, आणि अक्कालाही लावला.

पौर्णिमेला विहारात पांढरी वस्त्रं नेसून बायका शील घ्यायला बसत, तेव्हा सगळ्यांत पुढची चटई यसवतीची. कोण किती वेळ बसलं, कोणी मान टाकली, कोण पाठ टेकायला भिंत शोधतंय, हे ती डोळे मिटून सांगू शकत असे. पुण्य मोजायचं नसतं हे तिला ठाऊक होतं. ती फक्त दुसऱ्यांचं मोजायची.

अक्काला या सगळ्याची गंमत वाटे. विधवा बाई, नवऱ्यामागे रबराच्या झाडांना खाचा पाडून घर चालवलेलं, जिभेला हाड नाही. "आमच्या घरात दोन बुद्ध आहेत," ती शेजारच्या बिसोला सांगायची. "एक फळीवरचा. तो बिचारा भात मागत नाही. दुसरा मागच्या खोलीत." आणि यसवती आसनावरून उठली की विचारायची, "झालं का निर्वाण? झालं असलं तर सांग, मी तांदूळ कमी टाकते."

यसवती हसायची नाही. 'टोमणा, टोमणा' अशी नोंद घ्यायची.

मग तो दिवस. अक्काला आठवडाभर खोकला होता. दुपारी ती पुढच्या खोलीत चटईवर पडली होती. यसवतीने मागे उदबत्ती लावली आणि बसली. त्या दिवशी श्वास अगदी रेशमाच्या धाग्यासारखा बारीक झाला होता. इतकं चांगलं बसणं कित्येक महिन्यांत झालं नव्हतं. तेवढ्यात हाक आली, "यसा, पाणी." ऐकू येतंय. थोड्या वेळाने पुन्हा, "यसा, पाणी दे गं." ऐकू येतंय, ऐकू येतंय. तिसरी हाक आली ती शब्दांची नव्हतीच. नुसता घसा होता. तिचीही नोंद झाली. उदबत्ती संपल्यावर यसवती बाहेर आली, तर अक्का चटईवरून घसरत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत पोचली होती. हात माठाच्या दिशेने लांबलेला. गेलेली.

लोक जमले. बिसोने पदराने नाक पुसत तो एक प्रश्न विचारलाच, जो सगळेच विचारतात. "शेवटी पाणी घातलंस ना गं तोंडात?"

"घातलं," यसवती म्हणाली.

"नशीबवान आहे बाई अक्का. तहानलेलं माणूस गेलं की त्याचं काय होतं, माहीत आहे ना. सुईच्या भोकाएवढा घसा आणि समुद्राएवढी तहान." बिसोचा नवरा मुदियान्से खाटेच्या दोऱ्या सोडत म्हणाला, "रनमेनिका अक्काचा घसा सुईएवढा व्हायचा नाही. फार आवाज होता त्यात."

खोटं न बोलण्याचं शील यसवती दर पौर्णिमेला घेत होती. ते एका शब्दात मोडलं. तिने लगेच मनाशी दुरुस्ती केली की ही दुःखातली गोष्ट आहे, ही जमेला धरत नाहीत. पण अशी सवलत तिने आजवर दुसऱ्या कोणाला दिली नव्हती.

तर आता रोज दुपारी माठ खरडला जायचा. यसवतीने माठ उचलून बघितला, बोट फिरवून तडा शोधला, खाली कोरडी राख पसरली. राख कोरडीच राहिली आणि माठ रिकामा झाला. मग तिने बिसोकडून स्टीलची कळशी आणली, माठ उलटा करून अंगणात ठेवला, करवंटी फडक्यात गुंडाळून पेटीत टाकली. दुपारी उदबत्ती लावून बसली. खर्र. स्टीलच्या घरात खापराचा आवाज. खर्र. उठून पाहिलं तर कळशीत पाण्याचा थेंब नव्हता. कळशीच्या आतल्या बाजूने, तळापासून वरपर्यंत, कोणी तहानेने चाटावं तसे ओले पट्टे होते, आणि ते तिच्या डोळ्यांसमोर वाळत गेले.

आवाज आला की उठून जावं, हे तिला सुचलं नाही असं नाही. पण आज उठलं, तर त्या दिवशीही उठता आलं असतं, हे कबूल करावं लागलं असतं. बसून राहणं स्वस्त होतं. म्हणून ती जास्तच ताठ बसायला लागली. आणि जितकं बसणं चांगलं होई, तितका तो आवाज स्पष्ट होई. भान वाढवायची विद्या ती शिकली होती. ते कशाचं वाढेल हे आपल्या हातात नसतं.

शेवटी ती विहारात गेली. थोरले भन्ते बोधिवृक्षाच्या ओट्यावर बसून झाडूची काडी दातांत फिरवत होते. ती नमस्कार करून एका बाजूला बसली.

"भन्ते, ध्यानात एक आवाज येतो."

"कसला?"

"माठ खरवडल्याचा."

"मग तू काय करतेस?"

"नोंद घेते, भन्ते."

"आणि मग?"

"पुन्हा आला की पुन्हा नोंद."

"माठात पाणी असतं का?"

"नसतं, भन्ते."

भन्त्यांनी काडी फेकली. मग म्हणाले, "मी पहाटे बसतो ना, तेव्हा कधीकधी आपली विहाराची गाय दावं तोडते. फुलझाडांत शिरते."

"मग नोंद घेता, भन्ते?"

"मी उठतो. तिला बांधतो. मग येऊन बसतो."

यसवती नमस्कार करून निघाली. वाटेत तिच्या मनात आलं, म्हातारपणाने भन्त्यांची साधना सैल झाली आहे. इतक्या वर्षांत भन्ते किती वेळा गाईसाठी उठले असतील आणि त्यांचं किती वजा झालं असेल, याचा हिशेब तिच्याने घर येईपर्यंत संपला नाही.

सहाव्या दिवशी संध्याकाळी प्रवचन झालं. त्याआधी रीतीप्रमाणे फणसाच्या भाईबंद झाडाखाली, म्हणजे अंगणातल्या मोठ्या विलायती फणसाखाली, काठ्यांच्या माचणावर गेलेल्याचं ताट ठेवलं. अक्काला आवडायचं ते सगळं. कोवळ्या फणसाची काळी भाजी, मिरची लावून तळलेला सुक्या मासळीचा तुकडा, लाल भात, तेलात तळलेलं गोड कवुम, पानाचा विडा तंबाखूसकट. बाजूला मातीच्या वाटीत पाणी. बायका ओसरीवर बसून कावळ्याची वाट बघू लागल्या. कावळे आले, फांदीवर ओळीने बसले. मान वाकडी करून ताटाकडे बघितलं, मग घराकडे बघितलं. एकही खाली उतरला नाही.

"मासळी खारट झाली असेल," मुदियान्से म्हणाला.

"गप बसा," बिसो म्हणाली.

सकाळी ताट होतं तसं होतं. भाताला मुंगी लागली नव्हती. पाण्याची वाटी तेवढी कोरडी पडली होती.

"मासळी सोडून पाणी प्यायली?" मुदियान्से हळूच म्हणाला. "ही आपली अक्का नव्हे." या वेळी बिसोने त्याला गप केलं नाही. तिने यसवतीकडे बघितलं, आणि यसवतीने नारळ खवायला घेतला.

सातव्या दिवसाचं दान. या दानाचं पुण्य गेलेल्याला द्यायचं, त्याने ते घ्यायचं आणि पुढच्या वाटेला लागायचं. नाही घेतलं, तर इथेच घुटमळायचं. हे काही कोणी यसवतीला समजावून सांगायला नको होतं. गावभर ती इतरांना समजावत आली होती. पहाटेपासून चुली पेटल्या. भिंतीला लावून पांढरी आसनं घातली. भन्ते ओळीने आले, दारात त्यांचे पाय धुतले, पुसले. फळीवरच्या बुद्धाला आधी वाढलं, मग भन्त्यांना. जेवणं झाली. चीवरं, पंखे, छत्र्या, औषधं अर्पण झाली. मग यसवतीच्या पुढ्यात थाळी आली. थाळीत रिकामा पेला, आणि हातात पाण्याची झारी. हे पाणी ओतायचा मान तिचा, कारण शेवटचं पाणी तिनेच घातलं होतं. तिच्या कोपराला बिसोचा हात, बिसोच्या खांद्याला पुतण्याचा, त्याच्या पाठीला आणखी कोणाचा, अशी सगळी नाती एकमेकांना धरून बसली.

भन्त्यांनी पाठ सुरू केला. यसवतीने धार धरली. पेला भरायचा, भरून वाहायचा, थाळीत सांडायचा. इथलं दिलेलं तिकडे पोचलं, याची ती खूण.

धार पडत होती. पेल्याच्या तळाशी पाणी चमकलं आणि तेवढंच राहिलं. तिने झारी आणखी कलती केली. पाणी पडत होतं, सगळ्यांना दिसत होतं. आवाजही येत होता. पण तो पेल्यात पाणी पडल्याचा नव्हता. खोल कुठेतरी, तापलेल्या वाळूत पाणी पडल्यासारखा होता. झारी संपली. पेल्यात नख बुडेल एवढंही पाणी नव्हतं.

पाठाचा सूर तुटला नाही, पण लांबला. थोरल्या भन्त्यांनी पंख्याआडून एवढंच म्हटलं, "दुसरी आणा."

बिसोने दुसरी झारी दिली. धार पुन्हा सुरू झाली. मागे कोणीतरी लेकराला जवळ ओढलं. यसवतीच्या कोपरावरचा बिसोचा हात थंड पडला होता.

आणि मग स्वयंपाकघराकडून आलं, "यसा, पाणी."

कोणाची मान वळली नाही. म्हणजे तिला एकटीलाच ऐकू आलं होतं. तिच्या मनाने सवयीने पुढचं टाकलं: ऐकू येतंय. समोर भन्ते, मागे अख्खं गाव, हातात झारी. सातव्या दिवसाचं दान अर्धवट टाकून उठणारी बाई या गावात जन्माला आली नव्हती. उठली तर पौर्णिमेच्या पहिल्या चटईवर पुन्हा बसवणार नव्हतं कोणी.

"यसा, पाणी दे गं."

तिसरी हाक कशी असते ते तिला ठाऊक होतं. जगात तिला एकटीलाच ठाऊक होतं.

"धर," ती बिसोला म्हणाली. झारी तिच्या हातात कोंबली आणि उठली. मागून कुजबुज उठली, कोणीतरी "अगं बाई" म्हणालं, तिचा पाय थाळीच्या कडेला लागून थाळी वाजली. तिने कशालाच नाव दिलं नाही.

पेटीतून करवंटी काढली, फडकं टाकलं. अंगणातला माठ सुलटा करून आत आणायला वेळ नव्हता. विहिरीवरच्या बादलीत करवंटी बुडवली आणि तशीच ठिबकत पळत आली. उंबऱ्याजवळ, जिथे अक्का पडली होती तिथे, ती गुडघ्यांवर बसली. तिथे काहीच नव्हतं. सारवलेली जमीन होती. तिने करवंटी पुढे केली, माणसाच्या तोंडाच्या उंचीला.

"घे, अक्का."

हातातलं वजन कमी झालं. पाणी सांडलं नाही, आटलं नाही. घोटाघोटाने खाली गेलं. करवंटीच्या काठाला काहीतरी टेकलं होतं, थंड आणि मऊ, आणि ती थरथर आपल्या हाताची की त्या काठाची, हे तिला कळेना. ती तशीच धरून राहिली. तळाला एक घोट उरला, तेव्हा करवंटी हलकेच परत ढकलली गेली.

यसवतीला कळलं काय करायचं ते. तिने उठून खिडकीतून तो घोट मोगऱ्याच्या बुंध्याला फेकला. मागे, अगदी कानाशी, कोणीतरी पाणी प्यायल्यावर सोडतात तसा श्वास सोडला. नेहमीचा, जरा चिडका.

बाहेरच्या खोलीत एकदम गलबला झाला. ती दारात आली तेव्हा पेला भरून वाहत होता. थाळी भरली होती, थाळीवरून पाणी चटईवर, चटईवरून भन्त्यांच्या आसनांपर्यंत चाललं होतं. बिसोने झारी केव्हाच सरळ केली होती, तरी पेला वाहतच होता. मुदियान्से आपल्या कमरेच्या नव्या पांढऱ्या सारोंगाने ते पाणी अडवत होता. "साधु, साधु, साधु," सगळे म्हणाले, आधी घाबरून आणि मग नीट.

भन्ते निघाले, तेव्हा बिसोने तिला चुलीपाशी गाठलं. "मध्येच कुठं गेलीस? लोकांत केवढी शोभा झाली."

"अक्काने पाणी मागितलं."

बिसोने तिच्या हातातल्या ओल्या करवंटीकडे बघितलं. "पण तू तर शेवटी पाणी घातलं होतंस ना?"

"नाही घातलं," यसवती म्हणाली. "मी ध्यानाला बसले होते."

बिसो जरा मागे सरकली, मग जवळ आली आणि करवंटी तिच्या हातातून घेऊन धुवायला लागली. ती बातमी संध्याकाळपर्यंत नदीपलीकडे पोचली असेल. बिसोच्या वेगाचा यसवतीला अंदाज होता. यसवती ओसरीवर आली, तेव्हा पायरीवर चपला घालताना थोरले भन्ते थांबले.

"गाय बांधलीस का?"

"बांधली, भन्ते."

"पहिलं दावं कुजकं असतं, गाय पुन्हा सुटते," भन्ते म्हणाले आणि छत्री उघडून उतरून गेले.

दुसऱ्या दुपारी यसवतीने माठ आत आणला, भरला, करवंटी खिळ्याला टांगली आणि मागच्या खोलीत उदबत्ती लावून बसली. दार उघडं ठेवलं. श्वास येत होता, जात होता. आवाज काही नव्हता. काही ऐकू येत नसेल तर मनात काय म्हणायचं, हे केंद्रात शिकवलं नव्हतं. त्या शांततेची तिला त्या आवाजाहून जास्त भीती वाटली. सगळं घर तिच्याएवढंच, तिच्यासारखंच ताठ बसलं होतं.

"यसा अक्का," कुंपणावरून बिसो ओरडली, "चिमूटभर हळद आहे का गं?"

उदबत्ती अर्धीही झाली नव्हती. यसवती उठली, बरणीतून हळद काढली, कुंपणावरून दिली. बिसोने हळद पदरात बांधली. "बसली होतीस का?"

"हो."

"मग उठलीस कशी?"

"पायांवर," यसवती म्हणाली.

ती परत आली. उदबत्ती जळत होती. आसनाच्या उजव्या बाजूला, हात पोचेल अशा अंतरावर, करवंटी होती. पाण्याने भरलेली, वर बारीक तरंग उठत असलेली.

यसवतीने आठवून बघितलं. उठले, दारातून गेले, बरणी काढली, झाकण लावलं, अंगण, कुंपण, अंगण, दार. एकेक पाऊल तिला आठवत होतं. करवंटी आठवत नव्हती. म्हणजे एक तर तिचं भान सुटलं होतं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. नाही तर करवंटी तिने आणली नव्हती. दोन्हींपैकी कुठलाही हिशेब तिच्या सोयीचा नव्हता.

ती खाली बसली. घसा खरोखरच कोरडा पडला होता. तिने करवंटी उचलली आणि प्यायली. पाणी तळातलं होतं, गार. शेवटचा घोट तिने ठेवला, खिडकीपाशी गेली आणि मोगऱ्याच्या बुंध्याला फेकला. बुंधा आधीच ओला होता.